लॅम्बर्ट हिमनदी नेमकी कुठे संपते, आणि तिला हे नाव कसं मिळालं

तुम्ही भूगोल शिकवता आणि वर्गाच्या भिंतीसाठी अंटार्क्टिकाचा मोठा नकाशा तयार करताय. त्यासाठी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लॅम्बर्ट हिमनदीची लांबी एका पुस्तकात ४०० किलोमीटर आणि दुसऱ्यात ७०० च्या वर का? अमेरिकेच्या जुन्या नामसूचीत तिला ‘बेकर थ्री’ का म्हटलंय? आणि तिच्या आजूबाजूच्या ढीगभर नावांपैकी नकाशात कुठली घालावीत? उपग्रहचित्रांवरून ध्रुवीय बर्फाच्या सीमा आखणं हा माझा व्यवसाय आहे, आणि हा प्रदेश माझ्या कामात पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा जरा ऐसपैस उत्तर देतो.

थोडक्यात सांगायचं तर लांबीचे दोन्ही आकडे वेगवेगळा शेवट धरून काढलेले आहेत. वर आणखी भर म्हणजे तो शेवट २००२ साली सुमारे २४० किलोमीटर दक्षिणेला सरकला. बर्फ सरकला नाही, आपली मोजणी सुधारली. ‘बेकर थ्री’ हे नाव खरोखर दिलं गेलं होतं, सूचीत छापलंही गेलं होतं, पण ते कुठल्याही प्रसिद्ध नकाशावर आलं नाही. अंटार्क्टिकात लोक ज्या नकाशावरून प्रत्यक्ष काम करतात, त्यावरचं नाव टिकतं. या हिमनदीची सगळी कहाणी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी जागा पक्की करू. मुंबईच्या रेखावृत्तावरून, म्हणजे साधारण ७३ अंश पूर्वेवरून, सरळ दक्षिणेला निघा. मालदीव लागतील, चागोस बेटं उजव्या हाताला राहतील, खूप खाली हर्ड बेटाच्या जवळून जाल. मग ६९ अंश दक्षिणेच्या आसपास समोर बर्फाचा उभा कडा येईल. हा एमरी आइस शेल्फचा काठ. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण अंटार्क्टिका म्हटलं की ती जागा पृथ्वीच्या भलत्याच बाजूला असल्यासारखी वाटते. हा भाग तर अगदी आपल्या पायाखालच्या रेषेवर आहे.

कड्याच्या अलीकडे समुद्राचा जो मोठा खोलगट भाग आत शिरलाय तो प्रिड्झ उपसागर. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात तर डावीकडे, म्हणजे पूर्वेला, इंग्रिड क्रिस्टेन्सन किनारा आणि त्यावर लार्समन टेकड्या. भारताचं ‘भारती’ केंद्र तिथेच आहे. उजवीकडे मॅक रॉबर्टसन लँड आणि त्याच्या टोकाला केप डार्नली. समोरचं आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरून आलेला, पण आता समुद्रावर तरंगणारा बर्फ. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर. त्याच्यामागे, खूप आत, लॅम्बर्ट.

या हिमनदीचं महत्त्व तिच्या पाणलोटात आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या हिमस्तराचा जवळजवळ सहावा हिस्सा या एका वाटेने समुद्राकडे येतो, आणि त्यासाठी किनाऱ्याची दोन टक्के जागासुद्धा लागत नाही. वरच्या टोकाला डोम ए आहे, पूर्व अंटार्क्टिकाच्या पठाराचा सर्वांत उंच माथा, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंच. त्या माथ्याच्या खाली बर्फात संपूर्ण गाडली गेलेली एक पर्वतरांग आहे. १९५८ साली सोव्हिएत मोहिमेने भूकंपमापनाच्या पद्धतीने ती शोधली आणि ग्रिगोरी गाम्बुर्त्सेव्ह या भूभौतिकशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं. डोंगरांना नाव मिळालं तेव्हा ते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, आजही नाहीत. तिथला बर्फ शेकडो किलोमीटर घरंगळत प्रिन्स चार्ल्स पर्वतांच्या दक्षिण टोकाशी येतो आणि तिथे तीन हिमनद्या एकत्र होतात: लॅम्बर्ट, मेलर आणि फिशर.

पुस्तकांतला पहिला गोंधळ इथे सुरू होतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पुढे सगळं पाणी कृष्णा म्हणून वाहतं. तसंच इथे तिन्हींचा बर्फ मिसळल्यावर पुढे फक्त लॅम्बर्टचं नाव चालतं. फरक एवढाच की बर्फ पाण्यासारखा ढवळला जात नाही. उपग्रहचित्रात पाहिलं तर प्रत्येक हिमनदीचा पट्टा वेगळा ओळखू येतो. कडेच्या घर्षणाने आणि संगमाजवळच्या दाबाने उठलेल्या लांबच लांब रेघा आइस शेल्फच्या पृष्ठभागावर शेकडो किलोमीटर टिकतात. अमुक ठिकाणचा बर्फ मेलरचा की लॅम्बर्टचा, हे समुद्राजवळसुद्धा रेघ मागे नेत नेत सांगता येतं. म्हणून ‘जगातली सर्वांत मोठी हिमनदी’ असं तिला म्हणतात ते या सगळ्या एकत्रित प्रवाहाबद्दल असतं. लॅम्बर्ट हे नाव त्या प्रवाहातल्या एका फाट्याचंही आहे आणि संपूर्ण समूहाचंही. तुमच्या नकाशात मेलर आणि फिशर स्पष्ट दाखवा, ती दोन नावं गाळली की संगमच दिसत नाही.

बर्फाने नेमकी हीच वाट का धरली, याचं उत्तर खडकात आहे. हिमनदीखाली एक फार जुनी खचदरी आहे, भूवैज्ञानिक तिला लॅम्बर्ट ग्राबेन म्हणतात. कवच ताणलं जाऊन मधला पट्टा खाली खचला आणि दोन्ही बाजूंचे कडे उभे राहिले. त्यातला पूर्वेचा कडा आज मॉसन एस्कार्पमेंट म्हणून हिमनदीच्या कडेने शंभराहून अधिक किलोमीटर दिसतो. या खचण्याची सुरुवात पर्मियन काळाच्या आसपासची, म्हणजे भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन या प्राचीन महाखंडात एकमेकांना चिकटून होते तेव्हाची. खंडांचे तुकडे परत जुळवले की लॅम्बर्टची खचदरी आपल्या महानदीच्या खचदरीसमोर येते, आणि बरेच भूवैज्ञानिक या दोन्ही एकाच खचदरीचे दोन भाग मानतात. दोन्हीकडे पर्मियन कोळसा आहे. अंटार्क्टिकातला कोळसा प्रिन्स चार्ल्स पर्वतांच्या उत्तरेला, बीव्हर सरोवराजवळ उघड्या थरांत दिसतो. (तिथे खाणकाम होण्याचा प्रश्न नाही. १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने अंटार्क्टिकात खनिज काढायला बंदी आहे.)

तुम्ही विदर्भातल्या मुलांना शिकवत असाल तर आणखी एक दुवा जवळच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावापाशी तालचीर काळातल्या हिमनदीने ओढत नेलेले गोटे सापडतात, आणि खालच्या पैनगंगा चुनखडकावर त्या गोट्यांनी पाडलेले समांतर चर दिसतात. तीसएक कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवरून हिमनदी सरकत होती. लॅम्बर्टच्या तळाशी आज जे चाललंय, त्याचा उन्हात पडलेला पुरावा तुम्हाला सहलीला जाऊन दाखवता येईल. नकाशावर हजार शब्द लिहून जे होणार नाही ते त्या एका खडकावर बोट ठेवून होईल.

आता तुमच्या लांबीच्या प्रश्नाकडे. हिमनदी कुठे संपते? शास्त्रीय उत्तर असं की बर्फ जिथे खालचा खडक सोडून तरंगायला लागतो तिथे. त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. रेषेच्या आत हिमनदी, बाहेर आइस शेल्फ. म्हणायला सोपं आहे, पण ही रेषा शेकडो मीटर जाड बर्फाखाली असते. वर उभ्या माणसाला पायाखाली खडक आहे की समुद्र, हे कळत नाही. १९५० च्या दशकातल्या सर्वेक्षकांकडे विमानातून घेतलेली छायाचित्रं, ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश-रेखांश आणि पृष्ठभागाच्या उताराचा अंदाज एवढंच होतं. त्यांनी आणि नंतरच्या अनेकांनी ही रेषा बरीच उत्तरेला धरली होती.

मग २००२ मध्ये हेलन फ्रिकर या हिमशास्त्रज्ञ आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांनी एक साधा भौतिक नियम हाताशी घेऊन हा प्रश्न नव्याने सोडवला. तरंगणाऱ्या बर्फाचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. त्यामुळे पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे कळलं की बर्फाची एकूण जाडी किती असायला हवी ते गणिताने निघतं. उंची उपग्रहाच्या रडार अल्टीमीटरवरून मिळाली, खरी जाडी विमानातून रेडिओ लहरींनी मोजलेली होती. जिथे दोन्ही जुळतात तिथे बर्फ तरंगतोय, जिथे जुळत नाहीत तिथे तो खडकावर टेकलाय. जोडीला बर्फावर ठेवलेल्या जीपीएस यंत्रांनी भरती-ओहोटीबरोबर पृष्ठभाग वर-खाली होताना पकडला. जमिनीला टेकलेला बर्फ भरतीला हलत नाही. निष्कर्ष असा आला की दक्षिणेकडची ग्राउंडिंग लाइन ७३.२ अंश दक्षिणेच्या आसपास आहे, आधी धरलेल्या जागेपेक्षा सुमारे २४० किलोमीटर आत. म्हणजे एमरी आइस शेल्फ काठापासून मागच्या टोकापर्यंत सुमारे ५५० किलोमीटर लांब ठरलं, आणि पूर्वी लॅम्बर्ट हिमनदी म्हणून रंगवलेला मोठा पट्टा प्रत्यक्षात समुद्रावर तरंगतोय हे सिद्ध झालं.

आता नामसूची उघडा. लॅम्बर्ट हिमनदीचं अधिकृत स्थान ७१ अंश दक्षिण, ७० अंश पूर्व असं दिलेलं सापडेल. हा बिंदू नव्या ग्राउंडिंग लाइनच्या दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे. हिमनदीची नोंद आज आइस शेल्फवर पडते. नोंद लिहिणाऱ्यांनी त्यांच्या काळच्या माहितीनुसार बरोबरच लिहिलं होतं. पण कोणी संगणकावर हा बिंदू टाकून तिथे ‘लॅम्बर्ट हिमनदी’ अशी अक्षरं उमटवली, तर नाव चुकीच्या जागी बसतं, आणि इंटरनेटवरचे कितीतरी नकाशे नेमके असेच तयार झालेत. तुम्ही ते नाव ७३ अंशांच्या दक्षिणेला, संगमाच्या वरच्या अंगाला लिहा.

संगमाजवळ बर्फाची जाडी सुमारे २,५०० मीटर आहे आणि वेग वर्षाला ८०० मीटरच्या घरात. पुढे शेल्फ रुंद होतं तसा वेग मंदावतो, आणि समुद्राकडच्या काठाशी पुन्हा वाढून वर्षाला हजार मीटरच्या वर जातो. जाडी तोवर दोन-तीनशे मीटरवर आलेली असते. संगमावरून निघालेल्या बर्फाला काठ गाठायला साधारण हजारएक वर्षं लागतात. एवढी जाडी वाटेत जाते कुठे? काही पसरण्यात जाते, पण बरीचशी खालून वितळते, आणि त्या वितळण्याची रीत मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

समुद्राचं खारं पाणी पृष्ठभागाजवळ उणे १.९ अंशांना गोठतं. खोलवर दाब वाढतो तसा गोठणबिंदू आणखी खाली जातो. त्यामुळे पृष्ठभागाजवळ गोठण्याच्या बेतात असलेलं पाणी दोन हजार मीटर खाली उतरलं की तिथल्या बर्फाच्या मानाने ते दीड-दोन अंश ऊबदार ठरतं आणि शेल्फचा तळ खाऊ लागतं. वितळलेलं गोडं पाणी मिसळल्याने ते हलकं होतं, तळाच्या उतारालगत वर चढू लागतं. वर येता येता दाब कमी होतो, आणि तेच पाणी आता गोठणबिंदूखाली असल्याने त्यात बर्फाचे बारीक स्फटिक तयार होऊन तळाला चिकटतात. अशा समुद्री बर्फाचा थर एमरीच्या पश्चिम भागात तळाशी काही ठिकाणी दोनशे मीटरच्या आसपास जाड आहे. तो तिथे आहे याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा १९६८ साली ऑस्ट्रेलियाच्या चार माणसांनी आइस शेल्फवरच हिवाळा काढून, भोक पाडून मिळवला. प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेला कधीकधी गडद हिरवे हिमनग दिसतात. ते उलटे झालेल्या हिमनगांचे तळ असतात, आणि तो हिरवा बर्फ याच प्रक्रियेने बनलेला असतो.

आता नावं. या प्रदेशातली नावं थराथरांनी चढलीत, आणि प्रत्येक थर त्या वेळी तिथे कोण, कशासाठी आलं होतं ते सांगतो.

पहिला ठळक थर डग्लस मॉसन या ऑस्ट्रेलियन शोधकाच्या मोहिमेचा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची ही संयुक्त मोहीम १९२९ ते १९३१ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दोन फेऱ्यांत झाली. खर्चाचा मोठा वाटा मेलबर्नचे चॉकलेट कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी उचलला, म्हणून मॅक रॉबर्टसन लँड. १९३१ च्या फेब्रुवारीत मॉसनने पूर्वेच्या भूमीला प्रिन्सेस एलिझाबेथ लँड नाव दिलं. राजकन्या तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. त्याच आठवड्यात विमानातून दिसलेल्या एका टोकाला केप एमरी म्हटलं, ते ऑस्ट्रेलियात ब्रिटिश सरकारचं प्रतिनिधित्व केलेल्या विल्यम बँक्स एमरी या अधिकाऱ्यावरून. हे नाव फक्त एका भूशिराचं होतं. १९४७ मध्ये अमेरिकेच्या नाव समितीने ते मागच्या संपूर्ण आइस शेल्फला लावलं. एका कोपऱ्याचं नाव साठ हजार चौरस किलोमीटरवर पसरलं ते असं.

दुसरा थर नॉर्वेच्या व्हेल शिकाऱ्यांचा, आणि तो मॉसनच्या थराशी जवळजवळ समकालीन. सॅनफ्योर्ड गावच्या लार्स क्रिस्टेन्सन या जहाजमालकाच्या बोटी दर उन्हाळ्यात इथे येत. प्रिड्झ हे त्या गावातल्या व्हेल शिकाऱ्यांच्या विमा संस्थेच्या व्यवस्थापकाचं नाव. इंग्रिड ही लार्सची पत्नी. ती स्वतः अनेकदा इथवर आली आणि १९३७ मध्ये अंटार्क्टिकाच्या भूमीवर उतरली. २० फेब्रुवारी १९३५ रोजी कप्तान क्लारियस मिकेलसन व्हेस्टफोल्ड टेकड्यांजवळ उतरला तेव्हा त्याची पत्नी कॅरोलिन सोबत होती. अंटार्क्टिकाच्या परिसरात पाय ठेवल्याची नोंद असलेली ती पहिली स्त्री. प्रिड्झ उपसागराच्या दक्षिण टोकाला २३५ मीटरचा एक छोटासा डोंगर तिच्या नावाने आहे. उंचीच्या निकषावर तो तुमच्या नकाशात बसणार नाही, तरी घाला. त्या किनाऱ्यावर बायकांची नावं फार थोडी आहेत आणि या दोघी तिथे खरोखर येऊन गेल्या होत्या.

तिसरा थर अमेरिकेचा, हवेतून आलेला. १९४६–४७ च्या ‘हायजंप’ मोहिमेत अमेरिकी नौदलाने किनाऱ्याची हजारो छायाचित्रं काढली. त्यात एका छायाचित्रण विमानाचं आणि त्याच्या चमूचं सांकेतिक नाव होतं ‘बेकर थ्री’. या चमूच्या तीन उड्डाणांतून इथला बराच प्रदेश पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे १९५२ मध्ये जॉन रॉस्को या भूगोलतज्ज्ञाने ती छायाचित्रं बारकाईने अभ्यासून हिमनदीची आखणी केली आणि तिला ‘बेकर थ्री ग्लेशियर’ नाव दिलं. १९५६ च्या अमेरिकी नामसूचीत हिमनदीचं वर्णनही आलं. पण हायजंपच्या छायाचित्रांना जमिनीवरच्या पक्क्या बिंदूंचा आधार कमी होता, अशा चित्रांवरून नेमका नकाशा काढता येत नाही, आणि हिमनदी कुठल्याही प्रसिद्ध नकाशावर उमटली नाही.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाची माणसं मॉसन केंद्रावरून बीव्हर विमानांनी आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी आत शिरत होती. १९५६ मध्ये त्यांनी हा भाग मोजला, नकाशा केला, आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नाव समितीने हिमनदीला ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव दिलं. लॅम्बर्ट हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नकाशा विभागाचे संचालक. पुढे जो कोणी इथे गेला तो ऑस्ट्रेलियन नकाशा घेऊन गेला, त्यामुळे अमेरिकेनेही अखेर लॅम्बर्ट हेच नाव मान्य केलं. हिमनदी आधी ओळखणाऱ्या चमूचं नाव मागे पडलं, याची मला हळहळ वाटते. पण नकाशा खात्याच्या प्रमुखाचं नाव नकाशाच्या जोरावर टिकलं, हे मात्र अगदी योग्य झालं असं मी मानतो.

रॉस्कोची सगळी नावं गेली असं मात्र नाही. लार्समन टेकड्यांच्या पश्चिमेला पब्लिकेशन्स आइस शेल्फ नावाचं छोटं शेल्फ आहे. त्याला येऊन मिळणाऱ्या हिमनद्यांना त्याने ध्रुवीय संशोधनाच्या नियतकालिकांची नावं दिली: पोलर रेकॉर्ड, पोलर टाइम्स, पोलारफोर्शुंग, इल पोलो. इंग्रजी, जर्मन, इटालियन अशा वेगवेगळ्या भाषांतली ही पत्रं. सम्राट-सेनापतींऐवजी ज्ञान टिपून ठेवणाऱ्या कागदांच्या नावाने हिमनद्या आहेत, आणि ही नावं आजही प्रचारात आहेत.

ऑस्ट्रेलियन थरात कामावरच्या माणसांचा वास जास्त येतो. मेलर हे १९५७ मध्ये मॉसन केंद्रावर राहिलेले हिमशास्त्रज्ञ, फिशर हे सरकारी खनिज विभागाचे मुख्य भूवैज्ञानिक. बीव्हर सरोवर त्या विमानावरून. पर्वतांतल्या तीन रांगा अॅथॉस, पोर्थॉस आणि अॅरामिस अशा आहेत. १९५६–५७ च्या दक्षिणेकडच्या प्रवासात चमूने सर्वांत जास्त वाचलेलं पुस्तक ड्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी होती, त्यातली ही पात्रं. संपूर्ण पर्वताला प्रिन्स चार्ल्सचं नाव आणि सर्वांत उंच शिखराला तेव्हाचे पंतप्रधान मेन्झीस यांचं नाव मिळालं, तो सरकारी शिष्टाचार.

तुम्ही म्हणाल, शेवटी अधिकृत कोण ठरवतं? एकही संस्था नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने तिथले प्रादेशिक दावे जिथल्या तिथे थांबवले. ऑस्ट्रेलिया या प्रदेशावर दावा सांगतो, पण भारतासह जगातले बहुतेक देश तो मानत नाहीत. प्रत्येक देशाची आपली नाव समिती असते. अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती सगळ्यांची नावं एका एकत्रित सूचीत गोळा करते आणि एका जागेला एकच नाव असावं, आधीचं नाव असेल तर नवं देऊ नये असा आग्रह धरते. आग्रहच, सक्ती नव्हे. लार्समन टेकड्यांत हे चांगलं कळतं. चीनचं झोंगशान, रशियाचं प्रोग्रेस आणि भारताचं भारती ही केंद्रं एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत, आणि त्याच खडकाळ द्वीपकल्पांना नॉर्वेजियन, रशियन आणि चिनी नावं समांतर चालतात. भारती ज्या द्वीपकल्पावर १८ मार्च २०१२ ला सुरू झालं त्याचं ग्रोव्हनेस हे नाव नॉर्वेजियन थरातलं. शेजारचा क्विल्टी उपसागर ऑस्ट्रेलियाच्या एका भूवैज्ञानिकावरून.

भारतीय नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं हमखास विचारतील. ती मुख्यतः इथून खूप पश्चिमेला, शिर्माखर ओएसिसच्या परिसरात आहेत. तिथे मैत्री केंद्राजवळ प्रियदर्शिनी सरोवर आहे, आणि दक्षिण गंगोत्री हिमनदी आहे, जिच्या टोकाची मोजणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून करतंय. भारताच्या मोहिमांचं नियोजन वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं. गोव्याच्या सहलीची परवानगी मिळत असेल तर आधी पत्र लिहून विचारा.

हिमनग सुटला की त्यालाही नाव मिळतं, पण तिथे कोणाच्या सन्मानाचा प्रश्न नसतो. अमेरिकेचं राष्ट्रीय हिम केंद्र अंटार्क्टिकाचे चार चतुर्थांश करतं आणि अक्षर व क्रमांक देतं. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस एमरीच्या काठावरून १,६३६ चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला, गोव्याच्या निम्म्याहून थोडा लहान. तो डी-२८. शून्य ते ९० अंश पूर्व हा चतुर्थांश ‘डी’. एमरीवरून एवढी मोठी तूट यापूर्वी १९६३–६४ मध्ये झाली होती. ही बातमी तेव्हा तापमानवाढीच्या मथळ्याखाली फिरली, ते मला पटलं नाही. आइस शेल्फ सतत पुढे सरकत असतं आणि काही दशकांनी काठ तुटतो, हा त्याचा नेहमीचा क्रम आहे. इथल्या बर्फाचा जमाखर्च गेल्या काही दशकांत बराचसा जुळलेला राहिलाय. काळजीच्या गोष्टी वेगळ्या आहेत. २०१९ च्याच हिवाळ्यात एमरीवरचं बर्फाखालचं एक मोठं सरोवर शेल्फ फोडून एकाएकी समुद्रात रिकामं झालं. २०१७ च्या जानेवारीत लार्समन टेकड्यांशेजारच्या डोल्क हिमनदीचा पृष्ठभाग दोनशेएक मीटर रुंदीत खाली कोसळला, आत साठलेलं पाणी निघून गेल्यामुळे. वितळपाणी वाढलं तर अशा जागा वाढतील.

तेव्हा नकाशाचं म्हणाल तर मी असं करीन. संगमाच्या वर लॅम्बर्ट, मेलर, फिशर ही तीन नावं. ७३.२ अंशांवर ग्राउंडिंग लाइन तुटक रेषेने, आणि तिच्या उत्तरेला वेगळ्या रंगात एमरी आइस शेल्फ. लांबी लिहायचीच असेल तर एक आकडा लिहू नका. ‘हिमनदी ४०० किलोमीटरच्या आसपास, तरंगत्या भागासह ७०० किलोमीटरहून अधिक’ असं लिहा. कडेला प्रिन्स चार्ल्स पर्वत, मॉसन एस्कार्पमेंट, बीव्हर सरोवर. किनाऱ्यावर प्रिड्झ उपसागर, लार्समन टेकड्या, भारती, माउंट कॅरोलिन मिकेलसन. बेकर थ्री हे नाव लॅम्बर्टखाली कंसात बारीक अक्षरांत द्या. आणि उभी एक रेघ ७३ अंश पूर्वेची, वर मुंबईपर्यंत जाणारी, नकाशाच्या चौकटीबाहेर गेली तरी चालेल.